सत्ता, राजकारण आणि तंत्रज्ञान: आमच्या रविवारच्या बैठकीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही बैठक नेमकी कसली?

इंदुरात रामबागेतल्या एका घराच्या गच्चीवर दर रविवारी संध्याकाळी पंधरा-वीस मराठी माणसं जमतात आणि सरकार, सत्ता, यंत्रं यांवर तावातावाने बोलतात. सभासदत्व नाही, वर्गणी नाही. निवृत्त मंडळी आहेत, कॉलेजातली मुलं-मुली आहेत, दोन वकील आहेत, एक रिक्षावाले दादा आहेत. नवा माणूस आला की तो साधारण हेच प्रश्न विचारतो. ते प्रश्न चांगले असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली. उत्तरं माझी आहेत. बैठकीतल्या निम्म्या लोकांना त्यातलं काही ना काही मान्य नाही, आणि ते तसं तोंडावर सांगतात.

यंत्र म्हणजे यंत्र. त्यात राजकारण कुठून आलं?

आपल्याच गावात बघा. एबी रोडवर निरंजनपूर ते राजीव गांधी चौक असा साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव मार्ग, २०१३ साली सुरू झाला. मधली जागा रेलिंग घालून फक्त बसला दिली आणि मोटारींना दोन्ही कडेची. वरवर पाहता तो वाहतुकीचा आराखडा होता. पण रस्त्याची रुंदी तर ठरलेली! त्यातली किती बसमधल्या माणसाला द्यायची आणि किती मोटारीतल्या माणसाला, हे कोणताही इंजिनिअर गणिताने काढू शकत नाही. ते ठरवावं लागतं. २०२४ च्या शेवटी राज्य सरकारने तो काढायचं जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी दिली. काढण्याच्या बाजूने कोंडीचा आणि अपघातांचा मुद्दा होता, ठेवण्याच्या बाजूने रोज बसने कामावर जाणाऱ्यांचा. मी ठेवण्याच्या बाजूची होते. ते असो. मुद्दा असा की रेलिंग लोखंडाची होती, तरी तिच्याबद्दलचा प्रत्येक वाद सत्तेचा होता.

आणखी मागे जा. १८७० मध्ये दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज देऊ केलं, साडेचार टक्क्यांनी, एकशे एक वर्षांसाठी. जमीनही फुकट दिली. पैसा संस्थानचा, जमीन संस्थानची, नाव ‘होळकर स्टेट रेल्वे’. पण संस्थानांतून जाणाऱ्या रुळांच्या जमिनीवर अंमल इंग्रजांचा चालायचा. याच मार्गावरच्या पाताळपाणीला हेरिटेज गाडीत बसायला जाल तेव्हा घाट जरूर बघा, सुंदर आहे. पण कालाकुंडला गाडी थांबली की हेही आठवा: रूळ कोणी बांधले आणि रुळांवर हुकूम कोणाचा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यंत्र निदान सगळ्यांना सारखं तरी वागवतं. माणूस पक्षपात करतो.

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून उत्तर लांबेल.

मी तीस वर्षं बँकेत नोकरी केली. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांत यंत्रं यायला लागली. आमच्या शाखेत ती बरीच उशिरा आली. त्याआधी जाड लेजरं होती. नोंद चुकली तर ती लाल शाईने खोडून शेजारी सही करायची, म्हणजे चूकही दिसायची आणि चूक करणाराही. यंत्रं आली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. माझी मान लेजरांवर वाकून दुखायची आणि व्याजाच्या आकडेमोडीत रात्र व्हायची.

मग एका वर्षी एक निवृत्त शिक्षक आले. नोव्हेंबरात द्यायचा हयातीचा दाखला त्यांनी वेळेवर दिला होता, तरी पेन्शन थांबली होती. मी पडद्यावर बघितलं आणि म्हणाले, “सर, सिस्टिममध्ये तुमचा दाखला दिसत नाही.” ते पुढच्या महिन्यात परत आले. तेच उत्तर. तिसऱ्या महिन्यात आले तेव्हा त्यांचा सदरा इस्त्रीचा नव्हता, हे मला अजून आठवतं. त्या दिवशी मी खण उपसला. त्यांचा कागद त्यातच होता, माझ्याच शिक्क्यासह. नोंद करायची राहिली होती. तीन महिने एक जिवंत माणूस माझ्यासमोर उभा होता आणि मी पडद्याला विचारत होते की हा जिवंत आहे का.

यंत्राने पक्षपात केला नव्हता. पण यंत्र येण्याआधी मी त्यांना असं उत्तर देऊच शकले नसते. मला म्हणावं लागलं असतं, “मला सापडत नाही, थांबा, शोधते.” ‘सिस्टिममध्ये असंच दिसतंय’ या वाक्याने ती जबाबदारी माझ्या अंगावरून उतरवली आणि कोणाच्याच अंगावर ठेवली नाही.

ब्रिटनमध्ये हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथल्या पोस्ट ऑफिसात १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची संगणक व्यवस्था आली. ती हिशेबात नसलेली तूट दाखवायची. तिथला कायदा संगणक बरोबर चालतो असं गृहीत धरून चालत होता, म्हणून ‘मी पैसे घेतले नाहीत’ हे सिद्ध करायचं ओझं पोस्ट चालवणाऱ्यांवर पडलं. ९०० हून जास्त लोकांना शिक्षा झाल्या. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. सरसकट निर्दोष मुक्तता करणारा कायदा व्हायला २०२४ साल उजाडलं.

म्हणून आमच्या बैठकीत कोणत्याही यंत्राबद्दल पहिला प्रश्न ‘चांगलं की वाईट’ असा नसतो. ज्याच्यावर ते चालतं, त्याला दाद मागायला जागा आहे का, तिथे माणूस बसलेला आहे का, आणि त्या माणसाला यंत्राचा निकाल फिरवायचा अधिकार आहे का, हे आधी बघायचं.

ईव्हीएमवर बोलायला गेलं की भांडणच होतं. कसं बोलायचं?

भांडण होतं कारण दोन्हीकडचे एकाच गोष्टीवर बोलतात: यंत्रात गडबड झाली की नाही झाली. त्याचा पुरावा गच्चीवर बसलेल्या कोणाच्याही हातात नसतो. म्हणून आधी इतिहास मांडा. तो कोणा एका पक्षाचा नाही, त्यामुळे डोकी जरा थंड होतात.

१९८२ साली केरळमधल्या परूर मतदारसंघात पन्नास मतदान केंद्रांवर ही यंत्रं पहिल्यांदा वापरली. हरलेला उमेदवार सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की कायद्यात यंत्राची तरतूदच नाही. त्या केंद्रांवर पुन्हा मतदान झालं आणि निकाल फिरला. १९८८ मध्ये कायदा बदलला. १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्लीतल्या मिळून १६ विधानसभा मतदारसंघांत यंत्रं आली, त्यांतले पाच आपल्या राज्यातले. २००४ ची लोकसभा पूर्ण यंत्रांवर झाली.

पुढे व्हीव्हीपॅट, म्हणजे मत कोणत्या चिन्हाला गेलं याची चिठ्ठी छापणारं यंत्र, आलं. काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजायला सांगितल्या. २६ एप्रिल २०२४ ला सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रं खर्च भरून तपासून घ्यायची मुभा दिली.

आता दाद मागायच्या जागेचा तो प्रश्न लावून बघा. काचेमागे चुकीचं चिन्ह दिसलं तर मतदार काय करू शकतो? निवडणूक नियमांत ४९ एमए आहे. लेखी तक्रार द्यायची, मग चाचणी मत टाकायला देतात. त्यात तक्रार खोटी ठरली तर तक्रारदारावरच कारवाई होते. खोट्या तक्रारींनी मतदान बंद पाडता येऊ नये म्हणून ही अट आहे, आणि तो विचार मला समजतो. पण सात सेकंदात बघितलेल्या चिठ्ठीवर पोलीस केस अंगावर घ्यायची हिंमत किती जण करतील?

जर्मनीच्या घटना न्यायालयाने मार्च २००९ मध्ये तिथली मतदान यंत्रं घटनाबाह्य ठरवली. गडबड झाली असं न्यायालय म्हणालं नव्हतं. मतदान आणि मोजणीच्या महत्त्वाच्या पायऱ्या सामान्य नागरिकाला विशेष ज्ञानाशिवाय तपासता आल्या पाहिजेत, एवढंच म्हणणं होतं. आपली यंत्रं वेगळी आहेत, कुठेही जोडलेली नाहीत, आणि आपल्याकडे कागदी मतपत्रिकांच्या काळात मतदान केंद्रं लुटली जात, हेही त्याच दमात सांगायला हवं. मला स्वतःला सगळ्या चिठ्ठ्या मोजाव्यात असं वाटतं. वेळ लागला तर लागू दे. आमच्यातले एक वकील काका याच्या पूर्ण विरुद्ध आहेत आणि त्यांचं बोलणं मी दर वेळी शेवटपर्यंत ऐकते.

“माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही.” याला काय म्हणायचं?

म्हणायचं काही नाही, विचारायचं. तुमचं बँकेचं पासबुक या टेबलावर ठेवाल का? दवाखान्याची फाइल? लपवण्यासारखं काही नसतं तरी कोणाला काय दाखवायचं हे आपण ठरवतो.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं. अर्ज करणारे न्यायमूर्ती पुट्टस्वामी स्वतः कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. पुढच्या वर्षी आधारचा निकाल चार विरुद्ध एक असा लागला. आधार टिकला, पण खासगी कंपन्यांना तो मागायची वाट देणारी तरतूद रद्द झाली. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला.

या कायद्याची एक बाजू फार कमी बोलली जाते. त्याने माहिती अधिकाराचं आठवं कलम बदललं. आधी एखाद्या अधिकाऱ्याची वैयक्तिक माहिती व्यापक लोकहितासाठी द्यायची सोय त्याच उपकलमात होती, ती निघाली. लोकहिताची एक सर्वसाधारण तरतूद त्या कलमात शिल्लक आहे, असं आमचे वकील म्हणतात, आणि ते खरं आहे. पण ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ असं लिहून अर्ज परत पाठवणं आता सोपं झालंय. सामान्य माणसाच्या खासगीपणासाठी केलेली भिंत साहेबाच्या टेबलाभोवती उभी राहू नये, यावर बोलत राहायला हवं.

सरकारचा धोका जास्त की कंपन्यांचा?

सरकारला निवडणुकीत पाडता येतं आणि कोर्टात खेचता येतं. कंपनीचं ॲप काढून टाकता येतं, म्हणे. पण शाळा, सोसायटी आणि दूधवाला, सगळेच त्या ॲपवर असतील तर ते काढून दाखवा. दोघांच्या वह्या एकत्र झाल्या की मला जास्त भीती वाटते.

अफवा पसरते त्यात कंपनीचा दोष की लोकांचा?

इंदूरहून मुंबईला रस्त्याने जाताना धुळं लागतं. त्या जिल्ह्यात राईनपाडा गाव आहे. १ जुलै २०१८ ला तिथे आठवडी बाजारात मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी होते, मंगळवेढ्याकडचे. मोबाइलवर फिरत असलेल्या संदेशांनी त्या भागात आधीच भीती भरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली.

मारणारे हात माणसांचे होते, त्यांची जबाबदारी कमी होत नाही. पण बघा, मर्यादा घालता येत होती. ती एका कंपनीच्या हातात होती आणि पाच जीव गेल्यावर आली. भटक्या समाजाबद्दलचा जुना संशय तर मोबाइलच्या कितीतरी आधीचा. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. यंत्राने त्या संशयाला पाय दिले.

बोलायची भीती वाटते. पकडतील का?

‘आक्षेपार्ह’ संदेशासाठी तीन वर्षांपर्यंत कैद देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ए सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. दोन समाजांत तेढ लावणं आणि अफवेने घबराट पसरवणं हे मात्र भारतीय न्याय संहितेत गुन्हे आहेत. धोरणावर टीका करा, निर्णयावर करा, आकडे मागा. जातीवर किंवा धर्मावर गेलात तर आमच्या गच्चीवरही तुम्हाला थांबवलं जाईल.

मी तज्ज्ञ नाही. मला यातलं काय कळतं?

शंभर वर्षांपूर्वी होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला इंदुरात बोलावलं. शहरात प्लेग होता. इंजिनिअरांकडे मोठ्या खर्चाच्या गटार योजना होत्या. गेडिस आधी गल्ल्यांतून पायी हिंडला. लोकांना तो नकाशा घेऊन आलेला, घरं पाडायला निघालेला माणूस वाटला. मग त्याने दिवाळीला मिरवणूक काढली. तिच्यात प्लेगचा भलामोठा उंदीर होता, आणि मिरवणुकीचा रस्ता ठरवायची अट अशी की जे मोहल्ले सर्वांत जास्त झाडलोट आणि डागडुजी करतील तिथून ती जाणार. शहर झपाट्याने कामाला लागलं. १९१८ मध्ये त्याने दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला. जुने वाडे सरसकट पाडू नका, जिथे गरज आहे तिथेच थोडं काढा, असा त्याचा आग्रह होता.

गटारीचा व्यास तुम्हाला कळत नसेल. पण आपल्या गल्लीत पाणी कुठे तुंबतं हे तुमच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. तेच बोला. आमचे रिक्षावाले दादा ॲपच्या भाड्याबद्दल बोलतात तेव्हा सगळे वह्या काढतात.

तुम्ही विकासाच्या विरोधात आहात का?

नाही. मी नर्मदेचं पाणी पिऊन राहिले आहे. १९७० मध्ये या शहराने पाण्यासाठी आंदोलन केलं, आणि १९७८ पासून जलूदहून सत्तर किलोमीटरवरून, घाट चढवून पाणी येतं. ते पंप थांबले तर इंदूर थांबेल. पण त्याच नदीवरच्या इंदिरा सागर धरणासाठी २००४ मध्ये हरसूद हे गाव उठलं. लोकांनी आपली घरं आपल्या हातांनी पाडली, विटा आणि दारं सोबत नेता यावीत म्हणून. ज्याला पाणी मिळालं आणि ज्याचं घर गेलं, त्या दोघांना निर्णयाच्या वेळी सारखं बोलता आलं का, एवढंच मी विचारते.

घरातलंच कोणी एखाद्या नेत्याचं भक्त असेल तर?

महू इथून तासाभरावर आहे. तिथे जन्मलेल्या बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात घटना समितीला बजावलं होतं की धर्मात भक्तीने मोक्ष मिळेल, राजकारणात ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हे भाषण घरी वाचून दाखवा असं मी सांगणार नाही, त्याने जेवण कडू होतं. नेत्याचं नाव न घेता निर्णयावर बोला. माझ्या दिरांशी मी अशीच बोलते. “भाऊजी, हाच नियम उद्या तुम्हाला न आवडणाऱ्या माणसाच्या हातात गेला तर चालेल का?” ते लगेच उत्तर देत नाहीत. एकदा चार दिवसांनी फोन करून दिलं.

एआयबद्दल का बोलत नाही?

बोलतो, खूप बोलतो. पण त्यालाही तोच प्रश्न लागतो: कर्ज नाकारलं, अर्ज बाद केला, तर कारण कोण सांगणार? आणि एक माझं दुःख. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पण आमची इंदुरी मराठी, ‘येऊन राहिलो’ म्हणणारी, ही यंत्रं चूक समजून सुधारून देतात. माझ्या आजीची बोली चूक नव्हती.

वाद झाला. पुढे काय करायचं?

कागद करायचा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. आपल्या राज्यात २०१० चा लोकसेवा गॅरंटी कायदा आहे, देशातला असा पहिला. ठरल्या मुदतीत सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे रुपये, जास्तीत जास्त पाच हजार दंड होऊ शकतो. अर्ज दिला की पावती मागा, तारखेसकट. आमच्याकडे येऊन अर्ज लिहून घेणारे आता बरेच झालेत. शेजारच्या एका काकूंच्या बोटांचे ठसे भांडी घासून पुसट झालेत. रेशनच्या मशीनवर उमटत नव्हते, धान्य अडलं होतं. अर्ज आम्ही गच्चीवरच लिहिला. दुसऱ्या महिन्यापासून त्यांना रजिस्टरवर सही घेऊन धान्य मिळतं.

यायचं तर काय आणू?

काही नाही. संध्याकाळी सहाला सुरू होतं, चहा मिळतो. एखादा अडलेला कागद घरात पडला असेल तर तो आणा, आणि ज्या पत्राला उत्तर आलं नाही त्याची झेरॉक्सही. जिना अरुंद आहे, ज्येष्ठांसाठी खाली अंगणात खुर्च्या मांडतो. तेव्हा आम्हीच सगळे खाली उतरून येतो.